समुद्राच्या खालची टाकी

मित्रांनो, मला पाहायचं असेल तर गुडघे टेकून कपाटाचं दार उघडावं लागतं. मी काचेची टाकी आहे, आता बरीच जुनी. माझ्या डोक्यावर दुसरी मोठी टाकी आहे. तिच्यात खारं पाणी, जिवंत प्रवाळ आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे. लोक येतात ते तिला पाहायला. तिचं पाणी स्वच्छ राखण्याचं काम माझं. याबद्दल माझी तक्रार नाही. उलट माझ्यावर ज्यांचे उपकार आहेत, त्यांच्याबद्दल सांगावं म्हणूनच मी आज बोलते आहे.

माझा जन्म पंचवटीत, २००२ साली, चिमाजींच्या दुकानात झाला. चिमाजी देवांच्या तसबिरींना चौकटी बसवत आणि जोडीला माशांच्या टाक्या करत. एका साडीच्या दुकानाने आपलं जुनं शोकेस मोडलं होतं. दहा वर्षं जिने पैठण्या राखल्या, त्याच काचेतून चिमाजींनी मला कापलं.

मला करायला सांगितलं होतं आशाताई वडनेरे यांनी. त्या कॉलेजात तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवत होत्या. दर वर्षी विद्यार्थ्यांना घेऊन कोकणच्या किनाऱ्यावर जायच्या, ओहोटीच्या वेळी खडकांतले जीव दाखवायच्या. निवृत्तीनंतर गुडघ्यांनी दगा दिला. “मला समुद्राकडे जाता येत नाही ना, मग मी त्यालाच नाशिकला आणते,” असं त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

आलेखाच्या कागदावर त्यांनी माझे तीन खण आखले. वरच्या टाकीतलं मळकं पाणी नळीने पहिल्या खणात पडायचं. गूळ करताना मळी काढतात, तसा तिथे पाण्याचा फेस काढला जायचा. तिसऱ्या खणातला पंप ते पाणी परत वर पाठवायचा. आणि मधल्या खणात वाळू, दगड आणि हिरवं शेवाळ.

“शेवाळ कशाला, ताई?” फुलाबाईने विचारलं. फुलाबाई ताईंच्या घरी पंधरा वर्षं काम करत होती. पेठकडच्या डोंगरातली, भातलावणीला आणि कापणीला तेवढी गावी जायची.

“ते पाण्यातली घाण खातं. शिवाय त्यात बारीक बारीक जीव वाढतात. वरच्या टाकीत मासे त्यांना शिल्लक ठेवत नाहीत. इथे त्यांना कुणी खात नाही. इथे वाढतात आणि मग थोडे थोडे वर जातात.”

“म्हणजे त्यांचं माहेरच की हे!” फुलाबाई हसली. तेव्हापासून त्या घरात माझ्या मधल्या खणाला सगळे माहेर म्हणू लागले.

पण माझी सुरुवात चांगली झाली नाही. पाणी खेळू लागून आठ दिवस झाले होते. दुपारी वीज गेली आणि पंप थांबला. वरचं पाणी मात्र खाली येतच राहिलं. मी आधीच काठोकाठ भरलेली. बघता बघता मी ओसंडले. खारं पाणी कपाटाबाहेर, सतरंजीवर, थेट स्वयंपाकघरापर्यंत गेलं. चिमाजी धावत आले. “माझा एकही जोड सुटलेला नाही, मॅडम! हात लावून बघा.” ताई खुर्चीत बसून होत्या. “तुमचा दोष नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “मलाच जमलं नाही. काढून टाका हे सगळं.”

फुलाबाई फरशी पुसत होती. फडकं पिळता पिळता ती म्हणाली, “ताई, एक बोलू? आमच्याकडं उतारावर भाताची खाचरं राहतात. वरचं खाचर भरलं का पाणी खालच्यात उतरतं. खालचं आधीच तुडुंब ठेवलं तर बांध फुटणारच ना! खालच्यात जागा ठेवावी लागते. ह्या टाकीत जागाच नाय ठेवली तुम्ही.”

ताईंनी तिच्याकडे पाहिलं. मग कागद मागवला.

चिमाजींनी ब्लेडने जोड कापून माझ्या खणांमधले काचेचे पडदे काढले आणि बुटके करून पुन्हा बसवले. मी अर्धीच भरायची असं ठरलं. पाणी वर नेणाऱ्या नळीला ताईंनी वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीलगत एक बारीक भोक पाडायला लावलं. पंप थांबला की भोकातून हवा शिरावी आणि नळीने उलटं पाणी ओढणं थांबवावं, म्हणून. मग तिघेही माझ्यासमोर बसले आणि फुलाबाईने बटण बंद केलं. माझ्यातलं पाणी चढू लागलं. चढलं, चढलं आणि काठाखाली चार बोटांवर थांबलं.

“थांबलं!” ताई एवढ्या मोठ्याने ओरडल्या, की चिमाजी दचकले.

पुढे भारनियमन सुरू झालं, वीज रोज तासन्‌तास जाऊ लागली, पण माझ्यातून एक थेंबही बाहेर सांडला नाही. वर प्रवाळ वाढलं. ताईंचे जुने विद्यार्थी येऊन थक्क व्हायचे.

२००६ च्या उन्हाळ्यात ताई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे पुण्याला गेल्या. घर फुलाबाईवर होतं. एका सकाळी गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला. वीज संध्याकाळपर्यंत येणार नाही असं कळलं. दोन तासांत मासे पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंडं उघडू लागले. फुलाबाईने पुण्याला फोन लावला.

“ताई, पाणी हलत नाय. मासे गुदमरतात.”

“तू काय करणार, फुला? मासे गेले तर गेले. तू घरी जा.”

“मी बघते,” म्हणून तिने फोन ठेवला. स्टूल ओढलं. माझ्या तिसऱ्या खणातून तांब्या भरला आणि उंचावरून वरच्या टाकीत ओतला. जेवढं पाणी ओतलं, तेवढं नळीने आपोआप माझ्यात आलं. तिने पुन्हा तांब्या भरला. मित्रांनो, त्या दिवशी पंपाचं काम तिच्या हातांनी केलं. वाकायचं, भरायचं, स्टुलावर चढायचं, ओतायचं. दुपारी तिने चहासुद्धा उभ्यानेच घेतला. खाऱ्या पाण्याने तिची बोटं पांढरी पडली. दिवस कलताना ताईंचा निरोप मिळून चिमाजी रिक्षातून बॅटरी आणि इन्व्हर्टर घेऊन आले. पंप पुन्हा गुरगुरला, तेव्हा फुलाबाई माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसली. एक मासा गेला होता. बाकी सगळे वाचले. त्या एकासाठी ती रडली.

दोन वर्षांनी ताई कायमच्या पुण्याला निघाल्या. एका शाळेतले विज्ञानाचे योगेश सर टाकी न्यायला आले. “मॅडम, वरची तेवढी पुरे. खालचं सामान कशाला?”

“खालची नेणार नसाल तर वरची मिळणार नाही,” ताई म्हणाल्या. अशी मी शाळेत आले.

तिथे वरची काच रोज चकाचक पुसली जायची. पाहुणे वाहवा करायचे. माझं दार मात्र चार महिने कुणी उघडलं नाही. पहिला खण गाळाने भरला, माहेरातलं शेवाळ पिवळं पडलं आणि वर प्रवाळ मिटू लागलं. सर घाबरले. त्यांनी ताईंना फोन केला. ताईंनी फुलाबाईला निरोप दिला.

ती आली. तिने दार उघडलं, वास घेतला आणि म्हणाली, “सर, तोंडाला पावडर लावून काय उपयोग? पोट कोण धुणार?”

तिने माझा गाळ काढला. शेवाळाचा चांगला तेवढा भाग ठेवला. सहावीचा वर्ग भोवती गोळा झाला होता. योगेश सरांनी खुर्ची आणून ठेवली. “फुलाबाई, मुलांना तुम्हीच समजावून सांगा.”

ती खुर्चीच्या कडेवर अवघडून बसली. शाळेत ती कधी शिकली नव्हती. एका मुलीने हात वर केला.

“बाई, मधल्या खणात मासे का नाही सोडायचे?”

क्षणभर फुलाबाईने मागे वळून पाहिलं, कुणी शिक्षिका आली आहे का म्हणून. मागे कोणीच नव्हतं. मग तिने पदर सावरला, खुर्चीत नीट बसली आणि शिकवायला लागली.

मित्रांनो, ज्या वस्तू नजरेआड राबतात त्यांची दारं अधूनमधून उघडत जा. आणि त्या वस्तू ज्यांना खरोखर कळतात, त्या माणसांना बसायला खुर्ची द्या. आता मुलं आळीपाळीने माझा गाळ काढतात. दर शनिवारी फुलाबाई येते. तिने वर्गात पाऊल टाकताच चाळीस मुलं उभी राहतात. तो आवाज मला कपाटातही ऐकू येतो.