दोन बटणं, तीन बटणं

मी औषधांचा बटवा बोलतोय. घाई नसेल तर बसा जरा. मला भरभर सांगता येत नाही.

माझा जन्म एका शिंप्याच्या मशीनवर झाला. कुणाच्या तरी पँटचं जाड निळं कापड उरलं होतं. शिंप्याच्या बायकोला साखरेचा आजार निघाला, आणि लेकीकडे जायचं तर सात तासांची बस. म्हणून त्यानं मला शिवलं, तीन कप्प्यांचा. त्याला अक्षर कळत नाही, म्हणून कप्प्यांवर बटणं लावली. एक बटण तापाच्या गोळीचं. दोन बटणं म्हणजे साखर उतरवायची गोळी. तीन बटणं म्हणजे साखर फारच उतरली तर चढवायची, ग्लुकोजची.

निघताना तो अंगठ्यानं बटणं चाचपायचा. बायको हसायची, "निघाला बघा दवाखाना गावाला!" पण मला मोठ्या बॅगेत टाकायला गेली की तो म्हणायचा, "बॅग जाते बसच्या पोटात. तिथून काढणार कोण? हा मांडीवरच राहू दे."

एकदा निघताना फार धांदल झाली. बायकोनं सकाळची गोळी घेतली, पण खायचं राहून गेलं. डबा पिशवीत तसाच. चुकलं ते तिथं.

चार तासांनी बस एका थांब्यावर थांबली. शिंपी पाण्याची बाटली भरायला उतरला. इकडे बायकोला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. शेजारी एक शाळेतल्या बाई बसल्या होत्या. मनानं चांगल्या.

"काकू, काय होतंय?"

"साखरेची... गोळी..." एवढंच तिच्या तोंडून निघालं.

बाईंनी मला उघडलं. एक पाकीट काढून वाचलं, मधुमेहासाठी. बरोबरच की, साखरेची गोळी! काढली आणि काकूंच्या तळहातावर ठेवली. मला तोंड असतं तर ओरडलो असतो. आधीच उतरलेली साखर आणखी उतरली असती. पण मी पडलो कापडाचा.

तेवढ्यात शिंपी वर चढला. त्याची नजर आधी माझ्यावर गेली.

"थांबा बाई! ती देऊ नका!"

"अहो काका, वाचून दिलीय मी."

"मला वाचता येत नाही. पण दोन बटणं उघडी दिसतायत. तिला तीनची पाहिजे."

त्यानं हातातली गोळी काढून घेतली, तीन बटणं उघडली, ग्लुकोजच्या चार गोळ्या दिल्या. "चावून खा गं. हळूहळू." बाईंनी तिचं डोकं धरलं. कंडक्टरनं घंटी मारली नाही, घड्याळ बघत उभा राहिला.

पंधरा मिनिटांनी तिनं डोळे नीट उघडले. "अहो, सगळे माझ्याकडेच काय बघताय? बस बंद पडली का?"

अख्खी बस हसली. शिंपी हसला नाही. तो मान खाली घालून डब्याचं झाकण उघडत बसला. ते लवकर उघडेना. बाईंनीच उघडून दिलं.

तेव्हापासून घरात 'साखरेची गोळी' हा शब्द बंद. दोनची ती 'गोळी', तीनचा तो 'खाऊ'. आणि बसमध्ये बसल्या बसल्या काकू शेजारणीला सांगून टाकतात, "मी घामाघूम झाले तर खाऊ द्यायचा हं, गोळी नाही!" शेजारीण आधी बावचळते, मग दोघींच्या गप्पा उतरेपर्यंत चालतात.

आता माझा रंग विटलाय, पण शिवण पक्की आहे. दाराजवळच्या खिळ्यावर सुखात असतो. तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला बॅगेच्या तळाशी कोंडू नका. आणि त्याच्या पोटात काय आहे, ते सोबतच्या माणसाला सांगून ठेवा.

उठतो आता. आज लेकीकडे निघायचंय. शिंप्याचा अंगठा फिरतोय माझ्यावरून. एक. दोन. तीन.

"आणि खाल्लंस का गं?"

"खाल्लं हो! चला आता."