फाटकाला कुलूप

वृद्धाश्रम चालवणाऱ्या बाईंना सगळे ‘ताई’ म्हणत, आणि कुलूप लागेपर्यंत अगदी मनापासून म्हणत. एके सकाळी पेपर आणायला गेलेले एक आजोबा टेम्पोखाली आले आणि जागीच गेले. त्यांच्या लेकीनं फाटकातच ताईंना धरलं. “तुमच्या भरवशावर ठेवलं होतं ना बाबांना?” त्याच संध्याकाळी ताईंनी फाटकाला कुलूप घातलं.

“आम्ही काय कैदी आहोत का?” शिंपीकाकांनी विचारलं. काका रोज कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे जायचे, त्याच्याशी कडाकडा भांडायचे आणि खुशीत परतायचे.

“तुमच्या भल्यासाठीच आहे, काका. चहा इथंच देते, हवा तेवढा.”

“चहासाठी कोण जातंय तिथं!”

त्यानंतर समोरासमोर कुणी भांडलं नाही, आणि तेच ताईंना जड गेलं. जेवणाची घंटा वाजली की सगळे एकदम बहिरे. मास्तरीणबाई गोळ्या गालात धरून कुंडीत थुंकायच्या. कुणीतरी कुलपात मेण ओतलं. चिडून ताईंनी टीव्ही बंद केला, तर दुसऱ्या दिवशी औषधांच्या कपाटाची किल्लीच गायब. एक भोक बुजवावं तर दुसरीकडून गळायचं.

“मी यांची वैरीण कधी झाले हो?” त्यांनी स्वयंपाकाच्या मावशींना विचारलं.

मावशी भांडी विसळत म्हणाल्या, “वैरीण कुठं? जेलर झालात.”

काका मात्र काहीच करत नव्हते. त्यांनी आधी दाढी करणं सोडलं, मग बोलणं. शेवटी ताईंनीच हाय खाल्ली. कुलूप काढून त्या काकांच्या खाटेपाशी गेल्या.

“काका, उठा. फाटक उघडंय.”

“परवानगी आहे?”

“परवानगी कसली? तुमचं तुम्ही जा.”

“आता मन होत नाही, पोरी.” आवाजात राग नव्हता. असता तर ताईंना बरं वाटलं असतं.

पुढं चहावाला स्वतःच भेटायला आला. त्यानं मुद्दाम खोड काढून पाहिली. काका म्हणाले, “असेल बाबा, तुझंच खरं असेल.” चहावाला उतरल्या तोंडानं बाहेर आला आणि ताईंकडे न बघताच निघून गेला.

बाकीचे आता हवे तेव्हा हिंडून येतात. कुणाला उशीर झाला की ताईंचा जीव टांगणीला लागतो, पण ‘कुठं होतात?’ हा प्रश्न ओठांवर आला तरी त्या गिळून टाकतात.