जिन्याखालची रुसायची जागा

मी एक जुनी, तिरक्या छताची जागा आहे. मला नाव असं काही नाही. घरात नुसतं 'जिन्याखाली' म्हणतात. मित्रांनो, हसू नका. बैठकीच्या खोलीला नाव आहे, पडदे आहेत, पण मन भरून आलं की तिकडे कोणी जात नाही. माझ्याकडे येतात.

खरं तर मला कोणी मुद्दाम बांधलंच नाही. घरमालक सुतार होते. त्यांनी जिना केला आणि त्याच्या पोटात मी उरले. जिना तयार झाला त्या दिवशी त्यांची बायको चार पायऱ्या चढून म्हणाली, "पायऱ्या जरा उंच झाल्यात हो." झालं. नव्या जिन्याचं पहिलंच कौतुक हे असं. सुतार तोंड फुगवून माझ्यात येऊन बसले. बाईंनी समजूत काढली नाही की वाद घातला नाही. त्यांनी चहा केला, कप हातात दिला आणि शेजारी टेकल्या. चहा संपल्यावर सुतार म्हणाले, "तसं गुडघ्याला लागतंय खरं."

तेव्हापासून घरात रीतच पडली. रुसलेल्याने जिन्याखाली बसायचं. बसलेल्याला कारण विचारायचं नाही. चहा न्यायचा, लहानांना दूध, आणि गुपचूप शेजारी बसायचं. सुतारांनी त्यासाठी मला एक बुटकं बाकही करून दिलं.

मग गल्लीलाही माझा पत्ता लागला. शेजारची शिंपीण नवऱ्याशी बिनसलं की 'सुई मागायला' यायची आणि थेट माझ्यात शिरायची. शिंपिणीच्या घरात सुई नसेल का? पण तिला कोणी विचारलं नाही. वरच्या मजल्यावरचे गणिताचे मास्तर तर एकदा अख्ख्या वर्गावर रुसून आले होते. उठताना प्रत्येकाचं डोकं माझ्या छताला आपटायचं आणि निम्मा राग तिथेच उतरायचा. चहा नेणाऱ्या मात्र नेहमी त्याच, सुतारांची बायको. गल्ली त्यांना काकू म्हणते, म्हणून मीही म्हणते.

पुढे सुतार गेले. थोरला मुलगा बस चालवू लागला, त्याला सगळे दादा म्हणतात. धाकटी नर्स झाली, तरी तिचं 'छोटी' काही सुटलं नाही. तिला दूरच्या गावी मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली. काकूंची मनगटं दुखतात, म्हणून जाण्याआधी तिने कपडे धुवायचं मशीन मागवलं. ते मावेल अशी घरात एकच जागा होती. टेप लावून माझं माप घेतलं, तेव्हा वाटलं, आपले दिवस भरले.

पण माझ्याआधी दादाच भडकला. "म्हणजे मशीन ठेवलं की तू सुटलीस. आईकडे बघणार कोण, मशीन?"

"आणि तू काय करतोस रे तिच्यासाठी?" छोटी म्हणाली. "स्वतःचा कप तरी विसळतोस का?"

शब्दाने शब्द वाढला आणि दोघांचं बोलणंच बंद झालं. छोटीच्या जाण्याचा दिवस उजाडला तरी तेच. दुपारी तिची गाडी. अशीच निघून गेली तर हा अबोला किती दिवस चालेल, या काळजीने मला चैन पडेना.

सकाळी दादा येऊन बाकावर बसला. पाठोपाठ छोटीही आली. बाक एका माणसाचं. गुडघ्याला गुडघा लागला तरी कोणी उठेना, कारण जो उठेल तो हरला. तेवढ्यात मशीन घेऊन आलेला माणूस दारात उभा राहिला. "कुठे ठेवू?"

"जिन्याखाली," काकू म्हणाल्या. "पण जरा थांबा. तिथे सध्या दोघं रुसलेत."

"वेळ लागेल का?"

"धाकटीचं लवकर आटपतं. थोरल्याचं काही सांगता येत नाही."

दादाला हसू आवरेना. तो उठायला गेला आणि टाळकं सणसणीत आपटलं. छोटीचा हात आपोआप त्याच्या डोक्यावर गेला. चोळता चोळता तीच रडू लागली. "मला सुटायचं नाहीये, दादा."

"माहितीये गं. तू जातेस ते बघवत नाही, म्हणून बोललो."

काकूंनी दोघांना चहा दिला, तिसरा कप मशीनवाल्याला. मशीन माझ्यात बसलं. बाक कोपऱ्यात सरकवलं आणि एका माणसापुरती मी शिल्लक राहिले. दुपारी छोटी हसतमुखाने घराबाहेर पडली.

दिवेलागणीला काकू आल्या. मला वाटलं, कपडे टाकायला आल्या असतील. पण त्या बाकावर बसल्या. मित्रांनो, आजवर त्या माझ्याकडे दुसऱ्यासाठी कप घेऊनच आल्या होत्या. स्वतःसाठी अशी ही पहिलीच खेप. त्या भिंतीला टेकल्या आणि मला फार वाईट वाटलं.

थोड्या वेळाने स्वयंपाकघरात डबे धुंडाळल्याचा आवाज आला. काहीतरी उतू गेलं. मग दादा आला, अर्धा चहा कपात आणि अर्धा बशीत. कप आईच्या हातात देऊन तो खाली जमिनीवर बसला. काही विचारलं नाही. चहा भयंकरच झाला असावा, कारण पहिल्या घोटाला काकूंचे डोळे मिटले. पण त्यांनी तो सगळा प्यायला, अगदी बशीतलासुद्धा.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी जागा तुमच्याही घरात असेल. तिथे सामान खुशाल ठेवा, पण एक माणूस बसेल एवढी ती मोकळी राहू द्या. आणि सगळ्यांना चहा नेऊन देणारं माणूसच कधी तिथे येऊन बसलं, तर त्या दिवशी आधण तुम्ही ठेवा.