बाटली न उघडता लिहिलेला अहवाल

निकाल लागून चार दिवस झाले तरी जिंकलं कोण, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. पाणी तपासणीच्या त्या सरकारी प्रयोगशाळेत अकराचा चहा साडेबारापर्यंत लांबू लागला होता. एकशे एक जागांचं सभागृह. उजव्या आघाडीला पन्नास, मध्यममार्गी आणि नवा डावा पक्ष यांच्या आघाडीला एकोणपन्नास. उरलेल्या दोन जागा जुन्या कामगार पक्षाच्या. ते दोघे जिकडे जातील तिकडे सरकार.

"म्हणजे आपण जिंकलो की हरलो, तेवढं सांगा ना कुणीतरी," टंकलेखक म्हणाला. इथे बहुतेक सगळे डाव्यांनाच मत देणारे. कुणी जुन्या पक्षाला, कुणी नव्या.

"मी तर टीव्हीचा आवाज बंद करून नुसती तोंडं बघते," क्लोरीन मोजणारी सहकारी म्हणाली. "आज आपली माणसं बैठकीतून हसत बाहेर आली."

"हसत आली म्हणजे खाती ठरली!"

"मध्यममार्ग्यांच्या मांडीला मांडी लावून बसायला मत दिलं होतं का आपण?"

"मग काय उजव्यांच्या हाती द्यायचं? ते तर ही प्रयोगशाळाच ठेकेदाराला देऊन टाकणार आहेत. जाहीरनाम्यात छापलंय!"

खिडकीजवळ दोघी बहिणींतली थोरली पाठ करून काचनळ्या धूत उभी होती. मग टंकलेखक तिच्याकडे वळला. "ताई, काल तुमच्या बहिणीला पाहिलं हो! काय बोलते! आम्ही घरात सगळे गप्प बसून ऐकत होतो."

"हं," थोरली म्हणाली आणि नळ मोठा केला.

थोरली या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं होती आणि जुन्या कामगार पक्षात बावीस. गेली आठ वर्षं ती पक्षाच्या स्थानिक शाखेची चिटणीस होती. भिंती रंगवणं, कारखान्याच्या दारात पत्रकं वाटणं, सभेला सात माणसं आली तरी सातशे आल्यासारखं बोलणं, सगळं तिनं केलं होतं. धाकटी बहीण लहानपणी तिचं बोट धरून शाखेच्या सभांना यायची. चार वर्षांपूर्वी धाकटी नव्या डाव्या पक्षात गेली, पहिल्याच निवडणुकीत निवडून आली आणि आता वाटाघाटी करणाऱ्या सहा जणांत बसली होती. बावीस वर्षांत थोरलीला कुणी कधी कॅमेऱ्यासमोर बोलावलं नव्हतं.

घरी गेलं की तेच. आई टीव्हीसमोरून हलत नसे.

"अगं, बघ, किती वाळलीय ती. जेवते की नाही कोण जाणे."

"मीही अजून जेवले नाहीये, आई."

"तुझं काय, तू घरात आहेस. वाढून घे." आईची नजर पडद्यावरच होती. "माझी मुलगी सरकार बनवतेय, शेजारीण म्हणत होती."

सरकार कोण बनवतंय ते बघू, असं थोरलीच्या मनात आलं, आणि तिला बरं वाटलं. ते बरं वाटणं तिला ओळखीचं नव्हतं, म्हणून तिनं त्याकडे फार निरखून पाहिलं नाही.

कारण खरोखरच ते तिच्या हातात होतं. धाकटीच्या आघाडीला पाठिंबा द्यायचा की नाही, हे जुन्या पक्षाच्या एकतीस शाखांनी मतदान करून ठरवायचं होतं. शुक्रवारपर्यंत चौदा शाखा 'हो' म्हणाल्या होत्या, चौदा 'नाही'. तीन शाखांच्या सभा शनिवारी होत्या. त्यांतली एक थोरलीची, आणि तिथे थोरली म्हणेल तिकडे हात वर होत.

शुक्रवारी दुपारी धाकटीचा फोन आला.

"ताई, मसुदा पोचला ना? समान कार्यक्रमाचा?"

"पोचला."

"मग? तुझी शाखा काय करणार?"

"शाखा लोकशाहीनं चालते. आमच्याकडे वरून आदेश येत नाहीत."

"असं काय बोलतेस गं? मी विचारतेय तुला. बहीण म्हणून."

"बहीण म्हणून विचारायचं तर चार वर्षांपूर्वी विचारायचं होतंस. आता तू नेता म्हणून विचारतेयस."

"वाचलास का तू तो?"

"माझ्याकडे काम आहे," म्हणून थोरलीनं फोन ठेवला, आणि कागद ओढून विरोधाचा ठराव लिहायला घेतला. हात झरझर चालला. 'सत्तेच्या मोहापायी तत्त्वांशी तडजोड', 'श्रमिकांच्या लढ्याचा विश्वासघात', 'काल जन्मलेल्यांनी लढ्याचा वारसा सांगू नये.' शेवटचं वाक्य तिनं दोनदा वाचलं. फार आवडलं तिला ते.

शनिवारी प्रयोगशाळा अर्धा दिवस. जाताना थोरलीनं ठराव मामांच्या हातात दिला. मामा म्हणजे पाण्याचे नमुने गोळा करणारे. नऊ वर्षं कंत्राटावर होते, दर वर्षाअखेरीला पुढच्या वर्षाचा कागद येईल की नाही याची वाट बघत. पक्षाचे जुने सभासद. सह्या गोळा करायच्या तर त्यांच्याइतकं विश्वासाचं माणूस नव्हतं.

मामांनी उभ्याउभ्या ठराव वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"झणझणीत लिहिलंय, ताई. मसुद्यातला कुठला मुद्दा खटकला?"

"एक असेल तर सांगू! सगळंच."

"म्हणजे कुठला?"

थोरलीनं पिशवी खांद्याला लावली. मामांनी तिच्या टेबलाचा खण ओढला. मसुद्याचा लिफाफा तिथेच होता. चिकटवलेला. कडाही उचलली गेली नव्हती.

"ताई," मामा हळू आवाजात म्हणाले, "नऊ वर्षं मी तुम्हाला बाटल्या आणून देतोय. बाटली न उघडता तुम्ही अहवाल लिहिलेला मी आज पहिल्यांदा बघतोय."

थोरलीचे कान तापले. "त्यात काय असणार ते मला ठाऊक आहे, मामा. ती मंडळी मला माहीत आहेत."

"विहीर कुणाची आहे ते तुम्हाला कळू नये म्हणून मी प्रत्येक बाटलीवरचं गावाचं नाव काढतो आणि नुसता आकडा घालतो. हा नियम तुम्हीच घातला. म्हणालात, मामा, नाव दिसलं की माझी नजर वाकडी होते. आता बसा दहा मिनिटं."

त्यांनी लिफाफा फाडला, पाठमोरे बसून मसुद्यातले मुद्दे एकेका चिठ्ठीवर उतरवले, कुठला कुठल्या पक्षाचा ते गाळलं, आकडे घातले आणि चौदा चिठ्ठ्या तिच्यासमोर पसरल्या. "मान्य, अमान्य. बस्स."

थोरलीनं लाल पेन्सिल घेतली. सवयीनं हात स्थिर झाला. मान्य. मान्य. 'सलग तीन वर्षं कंत्राटावर असलेल्याला कायम करावे.' तिनं मामांकडे पाहिलं नाही. मान्य. अकरावा मुद्दा दुबळा होता: कारखान्यांच्या सांडपाण्याची तपासणी, पण ती कोणी आणि किती दिवसांनी करायची याचा पत्ता नाही. अमान्य. बाराव्या चिठ्ठीवर होतं: 'प्रत्येक वस्तीच्या पाण्याचा अहवाल दर महिन्याला त्याच वस्तीत, सर्वांना वाचता येईल अशा भाषेत फलकावर लावावा.'

ती हसली, पण ते हसू बरं नव्हतं. "हा तिचा. शंभर टक्के! फलक म्हणजे फोटो. फलकाशेजारी उभं राहायचं आणि टीव्हीवाल्यांना बोलवायचं." तिनं मोठ्ठी फुली मारली.

मामा उठले. प्रयोगशाळेच्या मागच्या गल्लीत शाखेची एक खोली होती. तिथून त्यांनी ठरावांची जुनी वही आणली आणि पान काढून तिच्यापुढे ठेवलं. बारा वर्षांपूर्वीची तारीख. शब्दन् शब्द तोच. खाली 'सूचक' म्हणून थोरलीची सही, 'अनुमोदक' म्हणून मामांची. आणि बाजूला तेव्हाच्या चिटणिसांचा शेरा: 'आत्ता गरज नाही.'

थोरलीनं ठरावाचं अक्षर पाहिलं. तिचंच होतं.

आता तिला लाज वाटायला हवी होती. पण आधी आली ती पुन्हा तीच जळजळ. "म्हणजे हेही माझंच घेतलं तिनं! माझी कल्पना, आणि टाळ्या तिला!"

"चोरली म्हणा हवं तर," मामा म्हणाले. "मी म्हणेन सांभाळली. त्या सभेला ती कोपऱ्यात बसली होती, सोळा वर्षांची. आपण दोघं विसरलो. ती विसरली नाही. ताई, एक सांगा. वस्तीतली बाई फलक वाचून पाणी उकळून घेईल, तेव्हा ती विचारणार आहे का, हे आधी कुणाला सुचलं?"

थोरलीनं त्या मोठ्ठ्या फुलीवरून बोट फिरवलं.

"तुमच्या ठरावात तत्त्व किती आणि बहीण किती, ते मी नाही तपासत. माझं काम नमुने आणायचं. पण सरकार उजव्यांचं आलं तर ही प्रयोगशाळा ठेकेदाराची. माझं वय अठ्ठावन्न. बहिणींच्या भांडणात माझी नोकरी जाऊ नये, एवढंच म्हणणं आहे. आणि तुम्ही मसुदा वाचून 'नाही' म्हणालात, तर मी तुमच्या बाजूनं हात वर करीन. नोकरी जाणार असली तरी!"

केवढा मोठा माणूस! आणि आपण? थोरलीनं मसुदा उचलला. चौदाचे चौदा मुद्दे वाचले, मग पुन्हा पहिल्यापासून.

संध्याकाळी सहाला एकोणचाळीस सभासद जमले. ती उभी राहिली तेव्हा तिच्या हातात ठराव नव्हता.

"मी विरोधाचा ठराव लिहिला होता," ती म्हणाली. "मसुदा न वाचता. त्यात तत्त्व हा शब्द सहा वेळा होता. पण माझा राग तत्त्वासाठी नव्हता, माझ्या बहिणीवर होता. ती माझ्यापुढे गेली याचा."

मागून एक सुतार म्हणाला, "ताई, बरं झालं बोललात. माझा भाऊही त्यांच्याकडेच गेलाय. मीही न वाचताच आलो होतो." हशा झाला, आणि त्या हशात आणखी तिघा-चौघांनी माना खाली घातल्या.

मग मसुदा मोठ्यानं वाचला गेला. भांडणं झाली, खरी भांडणं, मुद्द्यांवरची. अकराव्या मुद्द्यात मुदत घालावी, अशा अटीसह पाठिंब्याचा ठराव सत्तावीस विरुद्ध बारा असा मंजूर झाला. रविवारी दुपारपर्यंत उरलेल्या दोन शाखांचे निकाल आले: एक 'हो', एक 'नाही'. सोळा विरुद्ध पंधरा!

थोरलीनं स्वतःहून फोन लावला.

"ताई, थँक यू गं..."

"ते राहू दे. अकरावा मुद्दा कुणी लिहिला?"

"मी. का?"

"कच्चा आहे. कोण तपासणार, किती दिवसांनी, काही नाही. कारखानदार वर्षानुवर्षं झुलवतील तुम्हाला. आमची अट पोचली ना?"

"पोचली. मध्यममार्गी मानत नाहीयेत."

"मग उद्या बैठकीत भांड. आकडे मी देते, लिहून घे." आणि थोडं थांबून तिनं विचारलं, "जेवलीस का?"

मत्सर गेला, असं सांगितलं तर खोटं होईल. सोमवारी टीव्हीवर धाकटीनं ते आकडे घडाघडा सांगितले तेव्हा थोरलीला पुन्हा टोचलंच. फक्त या वेळी तिनं त्या टोचण्याला त्याच्या नावानं ओळखलं.

मित्रहो, आपण हरतो ते पुष्कळदा समोरच्यामुळे नव्हे, तर आपल्याच शेजारी उभा असलेला आपल्याहून दोन बोटं उंच झाला, हे आपल्याला सोसत नाही म्हणून. विरोध जरूर करावा, आपल्या माणसांनाही करावा. पण आधी वाचावं, आणि मग स्वतःला एकदा विचारावं: मला हे पटत नाही, की हे तिनं केलं म्हणून पटत नाही? याचं खरं उत्तर देणारा नागरिक ज्या बाजूला मत देईल, ते मत त्याचं स्वतःचं असेल.