परकी गाठ

टोमॅटोचा हंगाम लागला की ओतिलियाच्या बुटांवरचा चिखल वाळायचा नाही. फ्लॉरिडातल्या त्या गावात चर्चच्या मागच्या हॉलात ती शेतमजुरांच्या पोरांचं पाळणाघर चालवायची, आणि पोरं मिळवायला स्वतःच शेतोशेती वणवण करायची. बायका पोरं शेतातच ठेवत, ट्रकच्या सावलीत, खोक्यांच्या आडोशाला. परक्याच्या हाती पोर द्यायला त्यांचा जीव धजत नसे. ओतिलिया तशी परकी नव्हती. तीही मेक्सिकोहून टोमॅटो तोडायलाच आलेली. सगळे तिला तिया म्हणत, म्हणजे मावशी. तरी मिकाएला काही बधेना.

मिकाएला मेक्सिकोतल्याच ओहाकाच्या डोंगरातली. तिची आरासेली नुकती पावलं टाकायला लागलेली, आणि पोरीचे डोळे असे, की बघणाऱ्याने बघतच राहावं. आईला भीती होती ती त्याचीच.

"तुझ्याकडे चर्चच्या गोऱ्या बायका येतात, तिया. गोड गोड म्हणतात आणि हात न लावताच चालू पडतात. कौतुक करून हात लावला नाही की दृष्ट लागते पोराला."

"मी काय मेलेय का? कोणी 'गोड' म्हणालं की त्याचा हात धरून पोरीच्या डोक्यावर ठेवीन. मग तर झालं?"

"आणि हा दोरा काढायचा नाही." पोरीच्या मनगटात लाल दोरा होता. आईने प्रार्थना पुटपुटत गाठ मारलेला.

"नाही काढणार. आईशपथ."

अशी आरासेली हॉलात आली. पास्टर वेंडेल भला माणूस, पण दोरा बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या, हे सैतानाचं काम म्हणाला. ओतिलियाने त्याला तिथेच गप्प केलं. "पोर आत आलंय ना, पास्टर? सैतानाचं आपण सावकाश बघू."

मग एके दिवशी परवान्यासाठी तपासणीला सरकारी बाई आली. लहान मुलांच्या हातात-गळ्यात काही बांधलेलं चालणार नाही, म्हणाली. तोंडात जातं, घशात अडकतं. बाईचं चूक नव्हतं, चूक नव्हतं हेच वाईट. परवाना गेला असता तर हॉलभर पोरं पुन्हा ट्रकखाली गेली असती. ओतिलियाने कात्री घेतली आणि दोरा कापला. बाई गेली की परत बांधू, कोणाला कळतंय! जाता जाता बाई आरासेलीकडे बघून म्हणाली, "अगं बाई, काय हे डोळे!" आणि गाडीत बसून निघून गेली. परवाना राहिला या आनंदात ओतिलियाला तिचा हात धरायचं सुचलंच नाही.

दोरा तिने पुन्हा बांधला. त्या आठवड्यात अर्धा हॉल शिंकत होता, पण संध्याकाळी अंग तापलं ते नेमकं आरासेलीचं.

मिकाएलाने पोरीला उचललं, मनगट पाहिलं. "ही गाठ माझी नाही."

"तपासणीची बाई आली होती गं, म्हणून..."

"तिने काही म्हटलं पोरीला?"

"डोळे छान म्हणाली."

"हात लावला?"

ओतिलियाने मानेनेच नाही म्हटलं.

"त्या गोऱ्या बायकांना काय कळतंय," मिकाएला म्हणाली. "तुला तर कळत होतं, तिया."

ताप दोन दिवसांत उतरला आणि आरासेली पुन्हा शेतावर गेली. भर दुपारी ओतिलिया शेतावर पोचली आणि सरीच्या तोंडाशी उभी राहून हाका मारू लागली. मिकाएला आधी बघेचना. मुकादम गुरकावला, "ए, त्या बाईला गप्प कर, नाहीतर आजची हजेरी कापीन!" तेव्हा तिने बादली ठेवली, ट्रकखाली गोधडीवर निजलेल्या पोरीकडे एकदा पाहिलं, आणि ती ओतिलियाकडे आली.

"बोल. लवकर."

"चुकले मी. पाया पडते तुझ्या. तिला परत आण, मी तिला क्षणभर नजरेआड करणार नाही."

"इथे ती माझ्या नजरेसमोर आहे."

"अगं, पण ट्रक..."

खोकी भरून झाली होती. पलीकडून आलेल्या ड्रायव्हरने खाली वाकून पाहिलं नाही. पोरीची आई ट्रकजवळच्या सरीत असायची आणि गाडी हलायच्या आधी स्वतः येऊन तिला उचलायची, हे त्याला रोजचं ठाऊक होतं. आई आली नाही, म्हणजे पोर आज नाही. त्याने गाडी चालू केली.

दफनाच्या वेळी मिकाएला रडली नाही, ओरडली नाही. ओतिलिया जवळ गेली तेव्हा एवढंच म्हणाली, "रोज ट्रकवर डोळा ठेवून तोडायचे मी. त्या दिवशी तुझ्याकडे बघत होते." ड्रायव्हरला तिने बोल लावला नाही. पास्टर देवाच्या इच्छेबद्दल बोलत राहिला आणि ओतिलियाला त्याचं तोंड दाबावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती हॉलवर आली तर दाराशी बायकांची रांग. हंगामभर जिने जिने तोंडावर नाही म्हटलं होतं, ती प्रत्येक जण पोराला कडेवर घेऊन उभी होती.

"उघड ना, तिया," सगळ्यांत पुढची म्हणाली. "ट्रकखाली नाही ठेवायचं आता. तूच सांभाळ."

किती शेतं तुडवली होती तिने याच्यासाठी! ते सगळं आज आपल्या पायांनी दारात आलं होतं, आणि तिचा हात कुलपाकडे जाईना. मागे मजुरांची बस भोंगा वाजवत होती. पहिलं पोर रडायला लागलं. तिने कुलूप काढलं आणि त्याच्या आईकडे न बघता त्याला घ्यायला हात पुढे केले.