रिकाम्या हाताचा संत अंतोनी

मित्रांनो, मी मातीचा एक जुना संत अंतोनी आहे. खरा संत नव्हे, त्याची वीतभर उंचीची मूर्ती. खरा संत स्वर्गात असतो. हरवलेल्या वस्तूंसाठी रडणाऱ्या माणसांचे ऐकून घेण्याचे काम मात्र आम्हा मूर्तींना खाली राहून करावे लागते.

पोर्तो शहराच्या उत्तरेला, लिमा नदीच्या खोऱ्यात युफ्रासिया नावाच्या बोळक्या तोंडाच्या कुंभारणीने मला घडवले आणि माझ्या हातावर वेगळा घडवलेला इवलासा बाळ येशू बसवला. ती काम करताना सतत काहीतरी गुणगुणत असे. माझी भुवई रंगवताना तिला शिंक आली आणि कुंचला घसरला. तेव्हापासून माझी डावी भुवई जरा वर चढलेली आहे. जत्रेत लोक मला उचलत, भुवई पाहून हसत आणि खाली ठेवत. मग गिरणीवाल्या अदेलिनोची बायको उंबेलिना आली. तिने मला बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाली, "हा नीट ऐकून घेईलसा वाटतो." त्या एका वाक्यावर मी तिचा झालो.

तिने मला आपल्या खोलीतल्या कोनाड्यात बसवले. खाली लाकडी पेटी होती. तीत चादरी आणि घरातले सोने असे. उंबेलिनाला माझी प्रार्थना तोंडपाठ होती. ही प्रार्थना एका दमात म्हणावी लागते. मध्ये जीभ अडखळली तर हरवलेले सापडत नाही, अशी आमच्याकडे समजूत आहे. उंबेलिना कधीच अडखळत नसे. त्यामुळे साऱ्या गावाचे हरवलेले आमच्याच दारी येई. कुणाची शेळी, कुणाची कात्री. एकदा तर पाद्रीबाबांचा चष्मा हरवला आणि त्यांच्याच झग्याच्या खिशात सापडला. त्याचेही श्रेय मला मिळाले. खरे सांगायचे तर प्रार्थना म्हणून झाली की माणसे शांत होत आणि शांत झाली की नीट शोधत. पण मला तो मान आवडायचा. जून महिन्यात माझ्या सणाला माझ्यापुढे तुळशीसारख्या सुवासाच्या रोपाची कुंडी येई, आणि माझ्या नावाने गरिबांना मक्याची भाकरी वाटली जाई.

उंबेलिनाची एकुलती मुलगी सेलेस्त बोबडे बोलायला लागली तशी आईच्या मांडीवर बसून तीच प्रार्थना शिकली. तीही कधी अडखळली नाही. घरात झुल्मिरा नावाची कामाला ठेवलेली मुलगी होती. आईबाप गेल्यावर ती डोंगरातल्या गावातून आली होती. माझ्या अंगावरची धूळ तीच पुसत असे. झग्याच्या चुण्यांत बोट जात नाही म्हणून काडीला फडके गुंडाळून ती धूळ काढी. तिने माझ्याकडे कधीच काही मागितले नाही. आपल्याकडे हरवण्यासारखे आहे तरी काय, असे ती हसून म्हणे.

एका शरद ऋतूत सगळा गाव खळ्यावर मक्याची कणसे सोलायला जमला होता. तेव्हा सेलेस्त एकटीच घरी आली. ती अर्मिंदो नावाच्या तरुणाच्या प्रेमात होती. तो डोंगर ओलांडून चोरून फ्रान्सला कामाला जाणार होता आणि अदेलिनोला तो पसंत नव्हता. सेलेस्तने पेटी उघडली. चादरींच्या खालून तिने पणजीच्या वेळचे सोन्याचे काळीज काढले. हे सोन्याच्या बारीक तारांचे मोठे पदक असते. आमच्याकडच्या बायका सणाला ते छातीवर मिरवतात. ते पोलक्यात लपवून तिने वर माझ्याकडे पाहिले आणि लहानपणी साखर चोरताना म्हणायची तसेच म्हणाली, "सांगू नकोस हं."

मी कसा सांगणार?

शेजारचे लग्न आले आणि पेटी उघडली गेली. काळीज नव्हते. उंबेलिनाने माझ्यापुढे गुडघे टेकून प्रार्थना म्हटली. एक शब्द चुकला नाही, पण शोधूनही काही सापडले नाही. मग तिने सेलेस्तला बोलावले. "तू म्हण पोरी. तुझा आवाज कोवळा आहे, लवकर पोचेल."

सेलेस्त गुडघ्यांवर बसली आणि म्हणू लागली. मध्यावर येताच अडखळली.

"पुन्हा म्हण," आई म्हणाली.

ती पुन्हा त्याच ओळीला अडखळली. उंबेलिनाने लेकीकडे पाहिले. खूप वेळ पाहिले. मग तिने पेटीचे झाकण हळूच लावले आणि त्यावर बसून राहिली. तिला कळले होते. मित्रांनो, त्या क्षणी मला केवढा आनंद झाला! माझे काम झाले असे मला वाटले. हरवलेले सापडले होते.

उंबेलिना उठली, स्वयंपाकघरात गेली आणि नवऱ्यासमोर झुल्मिराला म्हणाली, "तुझं गाठोडं बांध."

झुल्मिरा सूपसाठी कोबीची पाने चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली. "बाई, माझं गाठोडं उघडून बघा की."

"त्यात काय बघायचं? चोर काय गाठोड्यात ठेवतो?"

सेलेस्त दारात उभी होती. झुल्मिराला वाट द्यायला ती बाजूला झाली. झुल्मिरा द्राक्षांच्या मांडवाखालून चालत गेली ती मला खिडकीतून दिसली. रविवारच्या आत चोरीची बातमी गावभर झाली आणि कुणी तिला काम देईना. शेवटी ती पलीकडच्या गावी नदीवर लोकांचे कपडे धुऊ लागली.

हरवलेले सापडले नाही की संत अंतोनीला शिक्षा करण्याची आमच्याकडे रीत आहे. उंबेलिनाने माझ्या कमरेला दोरी बांधली, शेजारणींना हाका मारून बोलावले आणि मला उलटे विहिरीत सोडले. "सापडेपर्यंत राहा इथंच," ती मोठ्याने म्हणाली. शिक्षेचे मला दुःख नव्हते. पुष्कळ मूर्तींनी ती भोगली आहे. पण ती मला शिक्षा करतच नव्हती. आपण शोधतो आहोत, हे तिला गावाला दाखवायचे होते. मी नीट ऐकून घेईन म्हणून जिने मला निवडले, तिने मला खोट्याचा साक्षीदार केले.

त्या हिवाळ्यात सेलेस्त अर्मिंदोबरोबर निघून गेली. मी विहिरीत लटकत राहिलो. माझ्या झग्याचा रंग सुटला.

पुष्कळ उन्हाळे गेले आणि एका ऑगस्टमध्ये सेलेस्त मोटारीतून गावी आली. तिने ते काळीज विकले नव्हते. आईच्या हातात देऊन ती रडली. उंबेलिनाही रडली. मग डोळे पुसून ती विहिरीकडे आली आणि तिने मला वर ओढले. माझे अंग धुतले, मला अंगणातल्या मेजावर ठेवले आणि ते काळीज माझ्या गळ्यात घातले. शेजारणी धावत आल्या तेव्हा तिने सांगितले, "दोरी ओढली तर ह्याच्या गळ्यात अडकून वर आलं. शोधून दिलं माझ्या संतानं."

विहिरीत टाकले कुणी, असे एकीने विचारले.

"टाकलं असेल त्या झुल्मिरानंच. पकडली जाईन म्हणून घाबरली असेल," उंबेलिना म्हणाली.

गावाने चमत्कार मानला. त्या दुपारी माझ्यापुढे इतक्या मेणबत्त्या लागल्या की ऊन फिके वाटावे. कुणी माझ्या पायांना ओठ लावले. एवढा मान मला आयुष्यात मिळाला नव्हता, आणि तो एका खोट्यासाठी होता.

संध्याकाळी झुल्मिरा आली. डोक्यावर ओल्या कपड्यांची टोपली तशीच होती. बायका बाजूला झाल्या. ती मेजाजवळ आली, तिने काळजाकडे पाहिले, सेलेस्तच्या शहरी कपड्यांकडे पाहिले, आणि मग उंबेलिनाकडे. तिला सगळे समजले. तिने आवाज चढवला नाही.

"बाई, माझंही हरवलंय," ती म्हणाली. "माझं नाव. ते सापडेपर्यंत हा माझ्याकडे राहील."

आणि तिने माझ्या हातावरचा बाळ येशू अलगद काढून घेतला. हीसुद्धा आमच्याकडची जुनीच रीत. बाळ काढून घेतले की संत ते परत मिळावे म्हणून जिवापाड शोधतो, असे मानतात. तिला कुणी अडवले नाही. बाळ ओल्या कपड्यांत गुंडाळून ती निघून गेली. पुढे ती पोर्तो शहरात गेल्याचे कानावर आले.

मूर्ती विहिरीत आपटली आणि बाळ फुटले, असे उंबेलिना बाहेरून येणाऱ्या लोकांना सांगू लागली. पोर्तो काही दूर नव्हते. एका दिवसात जाऊन झुल्मिराची माफी मागून येता आले असते. ती गेली नाही. म्हातारपणी ती रोज माझ्यापुढे बसे, पण प्रार्थना म्हणत नसे. माझ्या रिकाम्या हाताकडे बघे आणि उठून जाई. ती वारल्यावर सेलेस्तने घराला कुलूप लावले आणि मला या चर्चमध्ये आणून दिले. जाताना तिने माझ्याकडे वळून पाहिले नाही.

मित्रांनो, तुमची किल्ली हरवली, वही हरवली तर मला जरूर हाक मारा. मी रागावलेलो नाही. पण दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपल्या घरातल्या माणसांचे चेहरे एकदा नीट पाहा. आणि पाहून खरे कळले, तर मेणबत्ती घेऊन माझ्याकडे येऊ नका. ज्याच्यावर आळ घेतला त्याच्या दारी जा आणि चारचौघांत सांगा. ते काम माझ्याकडून होणार नाही. युफ्रासियाने मला पाय दिले आहेत, पण ते मातीचे आहेत. तुमचे चालतात.