दमायची ड्यूटी

अगं, ऐका तरी! ट्रिपचं नंतर ठरवू. मी चढावर यायला नाही म्हणते म्हणून तुम्ही मला म्हातारी म्हणताय ना, मग आमच्या घरची सुट्टी कशी असते ते आधी ऐका.

आईला आमवात आहे, हे तुम्हाला माहितीये. पायाच्या बोटांचे सांधे असे सुजतात की सकाळी चप्पल सरकवताना तिचे डोळे मिटतात. ती चष्म्याच्या दुकानात बसून भिंगं बसवते, त्यामुळे दिवस निभतो. हाल होतात ते सुट्टीत. लोक हॉटेलच्या फोटोत पलंग बघतात, आम्ही जिने बघतो. बाबा डिलिव्हरीची व्हॅन चालवतात, त्यामुळे कुठल्या गल्लीत गाडी दारापर्यंत जाते हे ते नकाशा बघूनच सांगतात. ताई रस्त्याचे फोटो मोठे करकरून बाकं शोधते. एकदा तिनं शोधलेलं बाक प्रत्यक्षात कुंडी निघाली! बाबा त्या कुंडीच्या काठावरही बसले होते, सांगते काय.

कारण आई स्वतःहून "बसूया" म्हणत नाही. मरेल पण म्हणणार नाही. "माझ्यामुळे तुमची सुट्टी वाया नको," हे तिचं ठरलेलं वाक्य. म्हणून आम्ही तिघांनी गुपचूप एक पद्धत पाडली होती, दमायची ड्यूटी. रोज एकानं दमायचं. आईचा चेहरा ओढला की ज्याची ड्यूटी असेल त्यानं कुरकुर सुरू करायची, मग सगळे बसायचे, आणि आई वर म्हणायची, "काय तुम्ही आजकालची पोरं!"

बाबांची अ‍ॅक्टिंग भयानक. उजवा गुडघा दुखतोय म्हणायचे आणि डावा धरायचे. मी आपली बुटाची नाडी सोडून बांधत बसायचे. पण ताई! ताई म्हणजे कमाल. डावं पाऊल जरा बाहेर वळवून, टाचेवर भार देऊन अशी लंगडायची की अनोळखी माणसं उठून जागा द्यायची.

तर यंदा जेवताना आईच म्हणाली, आपण त्या डोंगरावरच्या गावाला जाऊया. बाबांचा घास हातातच राहिला.

"अगं, तिथे नुसत्या पायऱ्या आहेत."

"हवा चांगली आहे."

"हवा इथेही आहे की!"

"दर वेळी तुम्हीच ठरवता. एकदा मी ठरवलं तर काय बिघडलं?"

मग काय, गेलो. आणि तिथे आई आमच्या पुढे चालायला लागली. कठडा धरून, ओठ दाबून, पण पुढे. ताई माझ्या कानात म्हणाली, "जास्तीच्या गोळ्या घेतेय की काय ही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा व्हॅनला जवळ जागा शोधायला गेले. आई म्हणाली, "चला गं, वर एक काम आहे." कसलं, ते सांगेना. वर म्हणजे एक उभी गल्ली, पायऱ्याच पायऱ्या. अर्ध्यात तिचा श्वास मला ऐकू यायला लागला. त्या दिवशी ड्यूटी ताईची. तिनं लगेच सुरू केलं, "आई गं, माझा पाय! बसूया ना."

आई वळली. तिचा चेहरा पांढराफटक. ती बसली नाही, उलट परत दोन पायऱ्या खाली उतरली आणि ताईचा दंड धरला. "आलंच बाळा. थोडंच राहिलंय. माझ्यावर भार टाक."

आईवर भार! ताईनं माझ्याकडे बघितलं. दोघींनाही काही कळेना.

वर पोचलो तर दवाखाना. सांध्यांच्या डॉक्टरांचा. मला वाटलं, चला, आई एकदाची स्वतःला दाखवतेय. तर काउंटरवरच्या बाईंना ती म्हणते, "माझं नाही. मोठीचे पाय दाखवायचेत."

ताई हसलीच. "माझे? माझ्या पायांना काय धाड भरलीये?"

"हळू बोल." आई खुर्चीत बसली आणि ताईचा हात तिनं मांडीवर घेतला. "तुम्ही नुसतं दमलो म्हणून वेळ मारून नेता, म्हणून मला दिसत नाही का? प्रत्येक सुट्टीत बघतेय मी. डावाच पाय. पाऊल बाहेर वळतं, टाचेवर भार जातो. तुझ्या वयात माझं अगदी असंच सुरू झालं होतं. माझ्या आईचंही. लवकर दाखवलं तर थांबतं म्हणतात. हे डॉक्टर चांगले आहेत, म्हणून हे गाव."

कळलं का तुम्हाला? ताई लंगडायला शिकली कोणाकडून? लहानपणापासून जे बघत आली, तेच तिनं उचललं होतं. आईला आईचंच दुखणं दिसत होतं, आणि ते थांबवायला ती तो डोंगर चढून आली होती.

ताई नुसती रडायला लागली. त्यामुळे तर आईची खात्रीच पटली. शेवटी मीच भडाभडा बोलून टाकलं. ड्यूटी, नाडी, बाबांचा गुडघा, सगळं.

आई म्हणाली, "म्हणजे सगळ्यांना सगळं माहीत होतं. मीच एक वेडी." आणि उठून निघाली. काउंटरवरच्या बाई हाका मारतायत, ही पायऱ्या उतरतेय, आम्ही मागे. मध्येच तिचा पाय असा मुडपला की ती कठड्याला धरून तिथेच बसली.

तेवढ्यात खालून बाबा धापा टाकत वर आले. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत! आईला बसलेली बघून लगेच कण्हले, "अगं, बरं झालं बसलीस, माझा गुडघा..." आणि धरला चुकीचा.

"उभे राहा नीट," आई म्हणाली. "तुमचा गुडघा राहू दे. माझे पाय दुखताहेत. खूप दुखताहेत."

अगं, ती असं म्हणाली तर काय करायचं, हे कधी ठरलंच नव्हतं. बाबांनी खाली बसून तिच्या चपला काढल्या. पावलं बघून त्यांनी मान वळवली.

आईनं ताईला शेजारी ओढलं. तिचा डावा बूट काढला, मोजा काढला आणि अंगठ्यापासून एकेक सांधा दाबायला लागली.

"आई, शप्पथ, मला काही झालेलं नाही."

"तू बोलूच नकोस. तुझ्या बोलण्यावरून मला काय कळणार आता? उद्या खरंच दुखलं तर?"

ती पायाकडे बघतच नव्हती. ताईच्या चेहऱ्याकडे बघत होती, डोळ्यांत डोळे घालून, भिंग तपासते तशी. ताईला गुदगुल्या होतात, तुम्हाला माहितीये. ती रडता रडता फिस्सकन हसली. आईनं तिच्या पोटरीवर एक चापट मारली, आणि तेच बोट पुन्हा दाबलं.